कानसेनांचा कान

आमच्या थोरल्या दिरांना सगळे कानसेन म्हणतात. हे नाव कुणी दिलं असं विचारलं की ते मान खाली घालून मंद हसतात. लोकांनीच प्रेमानं दिलं असावं, असं आपल्याला वाटावं म्हणून. खरं म्हणजे ते त्यांनी स्वतःच घेतलं. दुकानाचं शटर नव्यानं रंगवलं तेव्हा पेंटरकडून 'कानसेन टू-स्ट्रोक वर्क्स' असं लिहून घेतलं, खाली एक मोठा कान काढायला लावला, आणि मग कुणी विचारलं की म्हणायचे, "लोक म्हणतात बुवा." लोक वाचून म्हणायला लागले. कान पेंटरला जमला नव्हता. लांबून तो काजूसारखा दिसायचा.

घर तीन मजली. तळाला त्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर भावजी आणि जाऊबाई, वर आम्ही. जळलेल्या तेलाचा वास जिन्यानं वर चढायचा आणि आमच्या उशांच्या अभ्र्यांत मुक्कामाला राहायचा. माझ्या माहेरची माणसं आली की आधी नाक मुरडायची, मग कशी आहेस म्हणून विचारायची. भावजींना हे सांगितलं तर ते म्हणायचे, "सवय नसेल त्यांना." जणू सवय नसणं हा माझ्या माहेरचा कमीपणा.

टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे काय, हे मला या घरात येऊन कळलं, आणि न कळून चाललं असतं. ते पेट्रोलमध्येच तेल मिसळून जाळतं, म्हणून धूर. अंगानं हलकं, पण एकदा अंगात आलं की आवरत नाही. कंपन्यांनी ती बनवणं कधीच सोडून दिलं. मागे उरल्या जुन्या शर्यतीच्या मोटरसायकली आणि क्वाड. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची मोटरसायकल. हँडल मोटरसायकलचं, बसणं घोड्यावरचं, वळणं बैलगाडीचं. या वस्तू बाळगणारे लोक म्हणजे पोट सुटलेले, केस गेलेले, पण कॉलेजात कधीतरी कुणाला तरी मागे टाकलं होतं याची आठवण अजून न गेलेले. त्यांना ती जुनी गाडी आणखी जोरात पळवायची असते. का, ते कुणी विचारत नाही. असे सगळे भावजींकडे यायचे.

निदानाचा त्यांचा थाट बघण्यासारखा असायचा. गिऱ्हाईक सांगायला लागलं, की गाडी गरम झाली की चालू होत नाही, किंवा ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली यायला वेळ लावतं, की भावजी हात वर करून त्याला गप्प करायचे. रोग्यानं बोलायचं नाही. मग लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आजूबाजूची चार माणसं श्वास धरून उभी. बऱ्याच वेळानं डोळे उघडून ते विचारायचे, "याला आधी कुणी हात लावला होता?"

निदान बहुतेक वेळा इथेच संपायचं. ज्यानं कुणी हात लावला असेल, तो गाढव.

कोपऱ्यावर दुसरा एक मेकॅनिक होता. तो इंजिनची तोंडं रबरी बुचांनी बंद करून आत पंपानं हवा भरायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते बघायचा. बुडबुडा आला की तिथून हवा गळतेय, संपला विषय. भावजी त्याला 'न्हावणवाला' म्हणायचे. "इंजिनाला साबण लावून न्हाऊ घालतो आणि पावडर लावून घरी पाठवतो," असं सांगून ते रोज हसायचे, आणि तोच विनोद रोज ऐकून त्यांची चेले मंडळीही हसायची. न्हावणवाल्याच्या गाड्या परत येत नसत. भावजींच्या यायच्या, पण त्याला ते गिऱ्हाइकाचं प्रेम समजायचे.

हात मात्र त्यांचा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. सिलिंडरची भोकं आतून घासून मोठी करणं, माथा खरवडून दाब वाढवणं, मधेच पोट फुगलेला धुराचा लांबडा पाइप पत्रा कापून घरच्या घरी वळवणं, हे ते सुबक करायचे. गुळगुळीत, पातळ, डौलदार काम. पण हाताचं कौतुक त्यांना नको होतं. हात कुणालाही असतात. त्यांना कानाचं कौतुक हवं होतं.

आणि कान त्यांना नव्हता.

म्हणजे डोक्याच्या दोन बाजूंना होते, चांगले मोठे होते. पण सायलेन्सर काढलेल्या इंजिनांसमोर उभं आयुष्य काढल्यावर त्यांत फक्त जाड आवाज शिरायचे. ट्रक आला तर कळायचा. दाराची घंटा कळायची नाही, कुकरच्या शिट्ट्या कळायच्या नाहीत, फोन त्यांच्या खिशात वाजत असताना शेजारचा माणूस त्यांना खिसा दाखवायचा. घरात काही सांगितलं की ते "हं" म्हणायचे. भाजी संपली, हं. भावाचं पोट दुखतंय, हं. घराला आग लागली असं एकदा मी मुद्दाम म्हणून पाहिलं. हं.

पहिल्यांदा वाटलं, लक्ष नाही. लक्ष नसणं आणि ऐकू न येणं, पुरुषांच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला वेळ लागतो.

मला कळलं ते एका दुपारी, गच्चीची किल्ली मागायला खाली गेले होते तेव्हा. दुकानात मागच्या भिंतीशी दोन लोखंडी रोलर बसवलेले होते. त्यांच्यावर गाडीचं मागचं चाक चढवायचं, रोलरला ट्रकचा जुना ब्रेक लावायचा, म्हणजे गाडी जागच्या जागी ओझं ओढल्यासारखी धावते. त्यावर एक मोटरसायकल बोंबलत होती. भावजी जेट बदलत होते. जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पितळेची इवलीशी गुंडी, मधोमध भोक. भोक जितकं बारीक तितकं पेट्रोल कमी. पेट्रोल कमी केलं की इंजिनचा आवाज धारदार होतो, गाडी पळते, मालक खूश. आणखी कमी केलं की इंजिन आतून टकटक करायला लागतं, डब्यात चार वाटाणे हलवावेत तसं. ती टकटक म्हणजे आत ताप चढल्याची खूण. ती ऐकून जो थांबला नाही त्याचा पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरून बसतो. म्हणून पद्धत अशी, की एकेक बारीक जेट घालत जायचं, टकटक आली की थांबायचं आणि एक पायरी मागे यायचं. सगळी कला त्या टकटकीत. ती ज्याला ऐकू येते तो उस्ताद.

दारात स्टुलावर जाऊबाई भाजी निवडत बसल्या होत्या. शेजारी चहाचा ट्रे. मी पाहिलं, भावजी इंजिनकडे बघतच नव्हते. स्क्रू-ड्रायव्हर कानाला होता, पण डोळे किलकिले करून ते दाराकडे बघत होते. बारीक जेट गेलं, इंजिन किंचाळलं, आणि मलासुद्धा आत काहीतरी वाटाण्यांसारखं ऐकू आलं. जाऊबाईंची डावी भुवई उडाली, कुणी केस ओढावा तशी. लगेच भावजींचा हात वर गेला.

"बस. ऐकलंत?"

चेल्यांनी माना डोलावल्या. त्यांना काहीही ऐकू आलेलं नव्हतं. भावजींनाही नाही. ओळखलं होतं ते फक्त भाजी निवडणाऱ्या बाईनं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. जेट लावायची वेळ आली की खालून हाक यायची, "चहा आण गं." जाऊबाई चहा घेऊन उतरायच्या आणि बसायच्या. चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, कुणी पीत नसे. गावात कानसेनांच्या पाहुणचाराची ख्याती होती. गेलं की चहा मिळतोच म्हणायचे लोक.

मी एकदा जाऊबाईंना सरळ विचारलं. त्या ओटा पुसत होत्या. म्हणाल्या, कळतं की मला, त्यांनाही कळतं, बोलायचं कशाला. मी म्हटलं, एकदा तरी तोंडानं विचारलं का त्यांनी तुम्हाला? त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "विचारलं असतं तर सांगितलंच असतं की." आणि ओट्याचा जो भाग पुसून झाला होता तोच परत पुसला.

मला त्या माणसाचा राग यायचा, पण या बाईचाही यायचा. खांद्यावर बसवून मिरवायचं आणि वर त्यालाच उंच म्हणायचं, याला काय म्हणावं?

मग मैदानाचं प्रकरण आलं.

शहराबाहेर एक माणूस क्वाड भाड्यानं द्यायचा आणि जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती लावायचा. त्याला सगळे मैदानवाले म्हणायचे. त्यांच्याकडे जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा तांडा होता आणि एक जावई होता, ज्याला त्या सगळ्या पळवायच्या होत्या. मैदानवाल्यांना मुख्य मिस्त्री हवा होता. त्यांनी कानसेनांचं नाव ऐकलं होतं. त्यांनी असं ठरवलं, की हंगामाच्या पहिल्या दिवशी, पाहुण्यांसमोर, कानसेनांनी स्वतः बांधलेली एक क्वाड मैदानातल्या रोलरवर चढवायची, सगळ्यांदेखत कानानं लावून दाखवायची, आणि जावयांनी ती पळवायची. जमलं तर मुख्य मिस्त्री, छातीवर नाव शिवलेला सदरा.

भावजींना ही जागा किती हवी होती हे सांगायला नको. दुकानात आता आठवडे आठवडे कुणी फिरकायचं नाही. नव्या गाड्या आतल्या आत आपलं पेट्रोल आपणच मोजतात, त्यांना कुणाच्या कानाची गरज नाही. चेले म्हातारे झाले होते, एकानं तर गाडी विकून गुडघा बदलून घेतला होता. कुणी येईना तेव्हा भावजी शटर अर्धं ओढून आत रेडिओ लावून बसायचे, इतक्या मोठ्यानं की बातम्या आम्हाला तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायच्या. या जागेवर त्यांची सगळी भिस्त होती. अर्थात जागा मिळायच्या आधीच त्यांनी ती मिळाल्याचं गावभर सांगितलं. वाण्याला, शेजाऱ्यांना, न्हावणवाल्याला मुद्दाम थांबवून. आमच्या यजमानांना म्हणाले, सदऱ्याचा रंग निळा असला तर बरं, मळखाऊ असतो.

त्याच आठवड्यात जाऊबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारीख आधीची ठरलेली. त्यांनी भावजींना दोनदा सांगितलं. एकदा ते लेथवर होते, एकदा जेवत होते. दोन्ही वेळा हं. दवाखान्यात मी घेऊन गेले, मीच परत आणलं. डॉक्टरांनी मोठा चौकोनी काळा गॉगल दिला. ऊन, धूळ डोळ्यात जाता कामा नये, घराबाहेर हा काढायचा नाही. तो इतका मोठा होता की जाऊबाईंच्या चेहऱ्याचं फक्त नाक आणि हनुवटी शिल्लक राहिली.

भावजींनी तो गॉगल पाहिलाच नाही. ते त्या दिवसांत दुकानातच झोपत होते, क्वाड बांधत होते. जेवणाचा डबा मी खाली ठेवायची आणि रिकामा उचलायची. डबा कोण देतंय हेही त्यांनी वर मान करून पाहिलं नाही. फक्त आदल्या संध्याकाळी जिन्यातून जाऊबाईंना ओरडून म्हणाले, की तूही चल उद्या, घरची माणसं असली की बरं दिसतं. आणि थर्मासमध्ये चहा घे, तिथला चहा मला चालत नाही.

मी जाऊबाईंना म्हटलं, जाऊ नका. उघडं मैदान, धुळीचे लोट, डोळा अजून लाल आहे. त्या म्हणाल्या, "त्यांचं काम आहे." थर्मास धुवायला घेतला. मग डोळ्यात थेंब घालायला कुणी हवं म्हणून मलाही जावं लागलं.

मैदानावर बरीच गर्दी होती. कापडी छत, त्याखाली खुर्च्या, कर्णे. कडेनं जुन्या टायरांच्या राशी रचलेल्या, टायरांत साचलेलं गढूळ पाणी. मैदानवाले हातात माइक घेऊन फिरत होते आणि काही बोलायचं नसलं तरी त्यात बोलत होते. जावईबापू चामड्याच्या नव्या कोऱ्या पोशाखात आले. तो चालताना कुरकुरत होता. आम्हाला पहिल्या रांगेत, रोलरच्या अगदी समोर बसवलं. जाऊबाईंची खुर्ची भावजींनी सकाळीच येऊन स्वतः मांडली होती. बायको त्यांना दिसली पाहिजे म्हणून. बायकोला काय झालंय ते दिसलं नव्हतं.

क्वाड चालू झाली. भावजींनी स्वच्छ फडक्यावर जेट ओळीनं मांडली, मोठ्या भोकापासून बारक्यापर्यंत, शस्त्रक्रियेची हत्यारं मांडावीत तशी. पहिलं घातलं. इंजिन जड आवाजात घोरलं, धूर काढला. मैदानवाल्यांनी माइकवरून सांगितलं की आता कानसेन ऐकत आहेत. दुसरं जेट. आवाज मोकळा झाला. तिसरं. आवाजाला धार आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे किलकिले करून समोर पाहिलं.

समोर काळी चौकट.

त्यांचा चेहरा मी पाहत होते. आधी नेहमीचा दिमाख. मग नुसतं बघणं. मग शोधणं. त्यांनी मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे, जशी आपण काचेवरची चकाकी चुकवायला करतो. चौथं जेट घातलं. मला टकटक आली, अगदी पुसट. मी जाऊबाईंकडे पाहिलं. गॉगलच्या कडेतून बाजूनं मला दिसलं, भुवई उडाली होती. समोरून कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

भावजींनी इंजिन कमी केलं आणि हाक मारली, "चहा आण गं."

जाऊबाई उठल्या. थर्मासमधून कप भरला आणि तो सांभाळत रोलरपाशी गेल्या. भावजींनी कप घेतला नाही. त्या अगदी जवळ उभ्या असताना त्यांनी पुन्हा जोर दिला आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. टकटक आता स्पष्ट होती, निदान मला. जाऊबाईंचा मोकळा हात वर गेला. गॉगलच्या दांडीपर्यंत गेला. उन्हात, धुळीत, लाल डोळ्यानं, त्या तो काढणार होत्या. मी खुर्चीतून अर्धी उठले, त्यांना थांबवायला.

तेवढ्यात मैदानवाल्यांना विनोद सुचला. माइक पुढे करून म्हणाले, काय हो, वहिनींनाही कळतं का इंजिनातलं?

भावजी हसले. माइक तोंडाशीच होता.

"हिला? हिला कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या तरी पुष्कळ."

लोक हसले. कर्ण्यातून ते हसणं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आलं. जाऊबाईंचा हात गॉगलच्या दांडीवर होता. तो त्यांनी खाली घेतला. कप टेबलावर ठेवला, नीट, बशीसकट, आणि येऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं, आधीच घट्ट होतं ते.

भावजींनी आणखी बारीक जेट घातलं. इंजिन असं किंचाळलं की मागच्या रांगेतल्या एका पाहुण्यानं कानात बोटं घातली. वाटाणे आता डब्यात उड्या मारत होते. पण ज्यांना वाटाणे म्हणजे काय ते ठाऊकच नाही त्यांना तो जोम वाटला. कुठेतरी हात वर करायलाच हवा होता, म्हणून भावजींनी अंदाजानं केला.

"बस. ऐकलंत?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. टाळ्या.

जावईबापू क्वाडवर बसले. पहिला फेरा असा गेला की मैदानवाले माइकमध्ये नुसतेच 'वा' म्हणत राहिले. दुसऱ्या फेऱ्यात, लांब सरळ पट्ट्यावर, तो आवाज दोरी तुटावी तसा तुटला. मागची चाकं जागीच धरली गेली. क्वाड आडवी फिरली आणि जावईबापू तिच्यावरून सुटून टायरांच्या राशीत गेले.

त्या क्षणी जाऊबाई उभ्या राहिल्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर वळ उठले. टायरांतून आधी एक हात वर आला, मग हेल्मेट. जावईबापू उठले, चिखल थुंकले आणि एका पायानं लंगडी घालत आपला बूट शोधायला लागले. हाडं शाबूत होती. जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं आणि मग बसल्या.

भावजी तिथे पोहोचेपर्यंत दोषी सापडले होते. तेल भेसळीचं. पेट्रोल मैदानवाल्यांचं, ते शिळं. जावयांनी ॲक्सिलरेटर आवळूनच ठेवला. नाचता येईना, तेव्हा अख्खं मैदान वाकडं झालं. पण मैदानवाल्यांच्या फिटरनं तोवर स्पार्क प्लग काढला होता. चांगल्या चाललेल्या इंजिनचा प्लग चहाच्या रंगाचा निघतो. हा खडूसारखा पांढरा होता. फिटरनं तो रुमालावर ठेवून मैदानवाल्यांना दाखवला. पेट्रोल कमी पडून भाजलंय, बराच वेळ टकटकत असणार, असं तो म्हणाला.

मैदानवाल्यांनी माइक बंद केला. शांतपणे विचारलं, की एवढी टकटक होत होती तर तुम्हाला ऐकू नाही का आली?

भावजींना बहुधा हा प्रश्नही नीट ऐकू आला नसावा. पण सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे होते, आणि चेहरे वाचायची त्यांना सवय होती. ते वळले आणि सरळ आमच्या खुर्च्यांकडे आले. मागोमाग मैदानवाले, फिटर, एक बूट घातलेले जावईबापू.

"तू हा गॉगल कशाला घातलायस?"

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पिस्टन धरला आणि हा माणूस बायकोच्या गॉगलचं काय विचारतोय? कुणाला काही कळेना. मला कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कबूल केलं होतं, आणि तेही तिच्यावर डाफरून.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं," जाऊबाई म्हणाल्या. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याला सांगावं तसं.

भावजींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कधी?"

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, थेंबांची वेळ झाली का गं? झाली होती. आम्ही दोघी छताच्या मागे सावलीत गेलो. मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. डोळ्यातून जे पाणी आलं ते थेंबांचंच होतं असं मी धरून चालले.

जागा अर्थात गेली. निळा सदरा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढला. घरी परतल्यावर भावजींनी भेसळीच्या तेलावर व्याख्यानं दिली, पण ऐकायला येणारे कमी झाले. न्हावणवाल्यानं मात्र समोरून जाताना नुसता नमस्कार केला. भावजींना ते जास्त लागलं.

दुकानात दोन-चार गाड्या होत्याच. जेट लावायची वेळ आली की खालून हाक यायची, चहा आण गं. जाऊबाई थर्मास भरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवायच्या आणि वर यायच्या. चहा पोहोचायचा, भुवई पोहोचायची नाही. भावजी मग भीतीनं जाडच जेट ठेवायचे. गाड्या घोरत, धूर ओकत बाहेर पडायच्या आणि मालक तोंड वाकडं करून न्यायचे. एक-दोन चेले कोपऱ्यावर न्हाऊन घ्यायला लागले.

एका संध्याकाळी एक गिऱ्हाईक शर्यतीची जुनी मोटरसायकल घेऊन आलं. तरुण, नवीन, नाव ऐकून लांबून आलेलं. गाडी रोलरवर चढली. हाक आली. जाऊबाई माझ्याकडे दूध द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, थर्मास खालीच आहे. पुन्हा हाक. मग जिन्यात पावलं वाजली आणि भावजी मधल्या मजल्याच्या वळणावर येऊन उभे राहिले, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"जरा खाली ये."

"चहा आहे खाली."

"चहा नको," भावजी म्हणाले.

जाऊबाई उतरून आपल्या घरात गेल्या. डॉक्टरांनी आता गॉगल बंद केला होता, तो दारामागच्या खिळ्याला अडकवलेला असायचा. त्यांनी तो काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खाली गेल्या. मीही गेले. मला काही गच्चीची किल्ली नको होती.

त्या स्टुलावर बसल्या. भावजींनी जेट घातलं, गाडी ओरडायला लागली. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग गॉगलकडे बोट केलं, काढ म्हणून.

जाऊबाईंनी मान हलवली. "काय हवंय ते तोंडानं विचारा."

गिऱ्हाईक एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतं. भावजींनी कुठेतरी बघितलं, शटरकडे, भिंतीकडे, स्वतःच्या हाताकडे. स्क्रू-ड्रायव्हर अजून कानाशी होता. तो त्यांनी खाली घेतला. आणि बहिऱ्या माणसाला हळू विचारता येत नाही.

"टकटक होतेय का?"

हे समोरच्या वाण्यानं ऐकलं, त्याच्या दुकानात उभ्या असलेल्यांनी ऐकलं, वर आमच्या यजमानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. जाऊबाईंनी घाई केली नाही.

"होतेय."

भावजी वाकले, जेट बदललं, एक पायरी जाड. गिऱ्हाइकाला म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघत नव्हतं. पुन्हा गाडी ओरडली. भावजींनी न वळताच विचारलं, तितक्याच मोठ्यानं, "आता?"

"आता नाही."

गाडी उतरवली. गिऱ्हाईक जरा घुटमळलं आणि दाराशी येऊन अदबीनं म्हणालं, काकू, क्लच दाबला की आतून कसलातरी आवाज येतो, तेवढा ऐकता का?

जाऊबाई उठल्या, गॉगल काढून मिटला आणि कुणी हात न लावलेला थर्मास उचलला.

"ते त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "शटरवर नाव त्यांचं आहे."